मासे नसलेल्या जागा

माझ्या डोहात एक परका माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता… आणि वर मजेत शीळ घालत होता!

वायव्येचा वारा सुटला की डोंगरात पाऊस कोसळतो आणि आमची रांगिटाटा नदी गढूळ होते. मग झऱ्याचा एखादा नितळ ओढा नदीला जिथे मिळतो, तिथे सॅमन आणि ट्राउट मासे विसाव्याला येतात. पण कुठल्या ओढ्याला, हे कुणी कुणाला सांगत नाही. गाडीसुद्धा मुद्दाम भलतीकडेच लावायची, म्हणजे ती बघून मागावर कुणी येत नाही. मी तशीच गाडी लांब लावून विलोच्या झाडीतून चालत आले होते. आणि या पठ्ठ्याने, लोकांना फसवायला म्हणून, आपली गाडी नेमकी माझ्या डोहाशी लावली होती! स्वतःच्या जागेकडे निघताना त्याला पाण्यात मासा दिसला, झालं.

आधी आलेला माणूस नंतर आलेल्याला विचारतो, तसं त्याने विचारलं, "वरच्या अंगाला जातेस, की खालच्या?"

"कुठेच नाही. हा माझा डोह आहे."

"पाटी दिसली नाही कुठे."

"पाटी लावायला मी काय वेडी आहे?"

तो हसला. गालाला खळी पडली. मला त्याचा राग आला, खळीचाही.

खरं तर हा डोह बाबांचा. त्यांनी तो दोघींनाच दाखवला, लग्नाआधी आईला आणि मग मला. आता गुडघे गेल्यापासून ते घरात बसून फक्त विचारतात, "ब्रायडी, पाणी कसं आहे गं?" हा माणूस गावात बोलला असता, तर ईस्टरपर्यंत दोन्ही काठांवर जत्रा भरली असती. मग मी बाबांना काय सांगणार होते?

म्हणून अट घातली. त्याने तोंड उघडायचं नाही, आणि बदल्यात त्याची जागा मला दाखवायची. खरीखुरी. त्याचं नाव रेवी, मेंढ्यांची लोकर कातरायला नुकताच या खोऱ्यात आलेला. त्याने जरा जास्तच पटकन मान डोलावली.

शनिवारी गळाच्या दुकानात मालक त्याला खोदून खोदून विचारत होता, एवढा सॅमन मिळाला कुठे? "समुद्राच्या तोंडाशी," रेवी म्हणाला, आणि मग त्याने तिथल्या लाटा, पक्षी, कुणाचं तरी ओलं कुत्रं, सगळं असं रंगवलं की मलाच खरं वाटायला लागलं. माझ्यासाठी आजवर कुणी इतकं छान खोटं बोललं नव्हतं. दोरा घ्यायला आलेली मी, तो न घेताच बाहेर पडले.

रविवारी तो मला त्याच्या जागेवर घेऊन गेला. वाटेत नदीचे तीन फाटे ओलांडायचे होते. इथे दंडात दंड अडकवूनच पाण्यात उतरतात, सगळेच उतरतात… पण काठावर पोचल्यावरही त्याने दंड सोडला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. भुरभुर पावसात आम्ही अंड्यांचं सारण भरलेली खारी पेस्ट्री खाल्ली, थर्मासच्या एकाच झाकणातून चहा प्यायलो. मासा मात्र एकही नाही. पुढच्या रविवारी दुसरी जागा, तिथेही नाही. त्यानंतरच्या रविवारी त्याने मला घोट्याएवढ्या कोमट पाण्याशी नेऊन उभं केलं, आणि माझा संयम सुटला.

म्हणजे हा मला टोलवत होता. माझा डोह बघून बसला, आणि स्वतःचा दाखवायला मन होत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे, मला मासे नकोच होते. त्याने माझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

"इथे बेडूकसुद्धा राहणार नाही, रेवी! सरळ सांग ना, दाखवायची नाहीये म्हणून."

तो गळाच्या काठीकडे बघत राहिला. शीळ नाही, खळी नाही.

"चांगली जागा दाखवली असती, तर तुझी अट पुरी झाली असती," तो म्हणाला. "मग पुढच्या रविवारी तू कशाला आली असतीस?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने मान वर केली.

"आणि ब्रायडी… तुला तर पाणी बघूनच कळतं, मासा आहे की नाही. मग पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत गळ का टाकत बसलीस?"

झालं! कानापर्यंत गरम झाले मी. कळलं होतंच. तिथे पोचल्या-पोचल्या कळलं होतं.

"कारण तू सोबत होतास," मी म्हणाले.

त्याने काठी वाळूत ठेवली आणि माझे ओले हात हातात घेतले. जरा वेळाने, माझ्या कपाळाला कपाळ टेकवून तो म्हणाला, "चल, आता खरी जागा दाखवतो. उजेड आहे अजून."

मी त्याचे हात आणखी घट्ट धरले.

"राहू दे रे," मी म्हणाले. "अजून एक-दोन खोट्या दाखव."