पाचवी सवाष्ण

डोहाळजेवण बागेत करायचं हे चंद्रप्रभाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. नवरा केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला, पण हुद्दा बाईंनी सोडला नव्हता. सगळं आयुष्य दिल्लीत काढलं आणि ते सगळं दिल्लीला नावं ठेवण्यात गेलं. सून अपूर्वाचे आधी दोन गर्भ गेले होते. या खेपेला सातवा महिना लागला, म्हणून थाट मोठा हवा होता.

फरीदाबादच्या पुढची बेगमबाग निवडली. कुठल्याशा बादशहानं बेगमेसाठी लावलेली शाही बाग. आत शिरताच बाईंनी नाक मुरडलं.

"ही शाही बाग? आमच्या पुण्यातली रोपवाटिका बरी."

दुपार झाली तरी जानेवारीचं धुकं उठलं नव्हतं. सुकलेल्या कारंज्यापलीकडे बेगमेचा हमाम होता, म्हणजे तिचं न्हाणीघर. काळपट घुमट आणि एकच दार. बाईंनी त्याच्याकडे पाठ करून चौरंग मांडायला लावला. हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून अपूर्वा त्यावर बसली.

ओटी भरायला पाच सवाष्णी हव्या होत्या. पाचवी वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकली.

"काकू, चौघींनी नसते भरत," ममता हळूच म्हणाली. छावणीतल्या एका हवालदाराची ही बायको. बाईंनी तिला बोलावलं होतं ते मुळात पुरणपोळ्या लाटायला.

"तू मला शिकवू नकोस."

हमामाच्या पायरीवर हिरवी ओढणी घेतलेली एक बाई बसली होती. हातभर काचेच्या बांगड्या. असेल माळ्याची बायको, असं म्हणून बाईंनी टिचकी वाजवली.

"ए, शादीशुदा हो ना? इधर आओ. काम है."

ती आली. चौघींचं बघून तिनंही तांदळांची ओंजळ ओटीत सोडली, अगदी अलगद. काम झालं, पण ती हलेना. अपूर्वासमोर ओढणी पसरून उभी राहिली.

"बघा. यांना जरा जवळ केलं की हात पसरतातच." हाताशी काही नव्हतं, म्हणून बाईंनी अपूर्वाच्या ओटीतला नारळ उचलला.

ममतानं त्यांचं मनगट धरलं. "काकू, भरल्या ओटीतला नारळ देऊ नका. साडी द्या, माझ्या बांगड्या द्या, पण तो नको."

"अगं, नारळ आहे. बाजारात ढीग पडलाय. तुमची ही गावठी खुळं गावातच ठेवा."

आणि त्यांनी तो ओढणीत टाकला. त्या बाईनं मात्र तो दोन्ही हातांनी उचलला, खालून तळहाताचा आधार देऊन, तान्ह्याची मान सांभाळावी तसा. मग ती हमामाच्या दारातून आत गेली.

अपूर्वाचा चेहरा उतरला. "आई… बाळ थांबलं."

"म्हणजे?"

"सकाळपासून लाथा मारत होतं. आता… आत काहीच नाही."

ममतानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि नुसतंच बाईंकडे बघितलं. ते बघणं बाईंना सहन झालं नाही. त्या हमामाकडे जवळजवळ पळतच गेल्या.

आत काळोख होता. ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांचा वास, आणि त्यात बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा ओव्याच्या धुरीचा वास. कोपऱ्यात कुणीतरी गुणगुणत होतं.

"नारियल वापस दो," बाई दरडावून म्हणाल्या.

गुणगुणणं थांबलं नाही.

"सुना नहीं? …जो चाहिए वो ले लो, पर वो दे दो." गुडघे आपोआप टेकले. जिनं कधी कुणापुढे मान वाकवली नाही, तिनं त्या घाणेरड्या फरशीवर पदर पसरला. "बहू की गोद है… हाथ जोड़ती हूँ…"

गुणगुणणं थांबलं. अगदी कानाशी कुणी विचारलं, "कौन सा दूँ, बीबी?"

बाईंना तिथून सुटायची घाई झाली होती. "कोई भी दे दो… जल्दी."

पदरात वजन पडलं. बाई बाहेर धावल्या आणि हाती लागलेला नारळ त्यांनी अपूर्वाच्या ओटीत घातला. दुसऱ्याच क्षणी हिरव्या साडीखाली पोट हललेलं सगळ्यांना दिसलं. ममता रडायलाच लागली.

बाईंचा जीव भांड्यात पडला, तशी जीभही ठिकाणावर आली. "बघितलंस? उगाच सगळ्यांना घाबरवलंस. खुळी कुठली."

अपूर्वा हसली नाही. दोन्ही हात पोटाला न लावता तिनं अधांतरी धरले होते.

"हलतंय ना? मग झालं तर."

"हे आपलं नाही, आई."

"काहीतरीच काय…"

"आपलं तिथे आत रडतंय." तिनं हमामाकडे बघितलं. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

चंद्रप्रभाबाईंना ऐकू येत होतं.