तिसऱ्या हाकेची रीत

हनुमंत शेळके राजूरला जीपमधून उतरला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते, आणि काम अगदी साधं होतं. रविवारच्या पुरवणीसाठी लिहिलेल्या मोठ्या लेखातल्या एका वाक्याची खात्री करायची. बाकी सगळं पक्कं होतं. बाजाराहून परतताना धुक्यात वाट चुकून दरीत पडलेली छबूबाई, दोन दिवसांनी सापडलेला देह, पायवाटेला कठडा मागून मागून थकलेली वाडी.

पुरवणीची संपादक मोनिका सकाळीच फोनवर म्हणाली होती, "सर, शेवटचं वाक्य फार सुंदर आहे, म्हणूनच विचारते. 'पडताना तिने कुणालाही हाक मारली नाही.' ती एकटी होती ना? मग हे कुणाला माहीत?"

"कुणी ऐकली नाही, म्हणून तर..."

"सर, हे तुम्हीच मला शिकवलंय. आजच्या आज सांगा, नाहीतर काढते."

ज्याच्यावर लिहिलं त्याला छापण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा, ही त्याची तीस वर्षांची सवय. हे एकच वाक्य त्याने कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. फाल्गुनात त्याची बायको वारली, घरात एकटी. तो बातमीसाठी बाहेरगावी होता. शेजाऱ्यांनी सकाळी दार तोडलं. लेख लिहायला बसल्यावर ते वाक्य आपोआप कागदावर उतरलं होतं. ते खरं असावं, अशी त्याची फार इच्छा होती.

वाडी वर होती. धुकं इतकं दाट, की पाऊल टाकल्यावरच वाट दिसायची. ओल्या शेणाचा, कुजल्या पाल्याचा वास. कुठेतरी पाणी कोसळत होतं, पण कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं.

छबूबाईची सासू केशरबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती.

"पुन्यांदा आलात? मागल्या येळंला चार कप चा पिऊन गेलात. अजून झालं न्हाई व्हय लिवून?"

"एकच वाक्य राहिलंय, मावशी."

तो वाचू लागला. प्रत्येक वाक्याला केशरबाई "व्हय" म्हणत होती. शेवटच्या वाक्याला मात्र तिची बोटं थांबली.

"आसंच ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "लई चांगलं हाय."

"पण खरं आहे का?"

तेवढ्यात दरीच्या बाजूने, धुक्यातून, बाईचा आवाज आला.

"आत्याबाई..."

हनुमंत ताठ झाला. केशरबाईने मान वर केली नाही.

"रोज याच येळंला येती. त्या दिशी बी आली. पर धुक्यातली हाक तिसऱ्यांदा आल्याबिगर ओ द्यायची न्हाई, ही आमची रीत. पयल्या दोन कुनाच्या बी असत्यात. मी उंबऱ्यात हुबी... तिसरीची वाट बघत."

"आणि?"

"दोनच आल्या."

"आत्याबाई..."

या वेळी जवळून. दमलेला आवाज. केशरबाईने पदराचा बोळा तोंडाशी धरला. आणि हनुमंतच्या तोंडून निघून गेलं, "ओ!"

सूप कलंडलं.

"काय केलंत हो भाऊ..."

पाण्याचा आवाजही थांबला. मग केशरबाई धुक्याकडे न बघता अंग चोरून सरकली, आणि गोणपाटावर तिने एका माणसापुरती जागा केली.

"बस, बाय."

हनुमंतला काहीच सुचेना, तेव्हा सवयीने जे होतं तेच झालं. त्याने वही उघडली.

"पहिल्यापासून सांगा..."

त्याला काही ऐकू आलं नाही. केशरबाई मात्र मान खाली घालून ऐकत होती. मधेच "व्हय गं..." म्हणत होती, मधेच "चुकलं माझं, चुकलं..." आणि त्याचं पेन चालत होतं. ते तो चालवत नव्हता.

"गेली," केशरबाई शेवटी म्हणाली, तेव्हा अंधारून आलं होतं.

हनुमंतने वही पाहिली. पान त्याच्याच अक्षरात भरलं होतं. छबूबाई कुठे घसरली, कुणाला हाका मारल्या, सगळं. त्याखाली एक ओळ सोडून फाल्गुनातली तारीख होती, त्याच्या घराचा पत्ता होता, आणि हाकांच्या नुसत्या वेळा. अकरा दहा. अकरा चाळीस. बारा. पहाटे तीन.

त्याने पान उलटलं. तिथेही वेळाच होत्या. चैत्रातल्या, वैशाखातल्या, कालच्या. शेवटची वेळ आजची होती, आणि ती व्हायला अजून दहा मिनिटं होती.