पलीकडचा भोंगा

दुपारी तीनला अलार्मचा मिस्त्री वर्षाची तपासणी करायला आला. काम साधंच. दोन इमारती, मधे काचेचा पूल. आणि नियमाच्या लेखी पुलानं जोडलेल्या इमारती म्हणजे एकच इमारत. एकीकडे धूर झाला की भोंगा दोन्हीकडे वाजलाच पाहिजे, आणि बंद करायचा तर पॅनेलपुढे जातीनं उभं राहून. घरबसल्या नाही.

हा शेवटचा नियम मिस्त्रीइतका कुणाला पाठ नसेल. रोजच्या खोट्या अलार्मला वैतागून त्यानं फोनवर गुपचूप सोय करून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवताना फोन वाजला, त्यानं उष्ट्या हातानंच भोंगा बंद केला आणि पुढचा घास घेतला. त्या वेळी पलीकडच्या इमारतीत त्याचा थोरला भाऊ, कामातला जोडीदार, वायरी ओढून दमला म्हणून जरा आडवा झाला होता. आग खरी होती. दादा उठलाच नाही. चौकशीत मिस्त्रीनं सगळं यंत्रावर ढकललं. वहिनीनं ते खरं मानलं. अजूनही ती त्याला मायेनं वाढते, आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

"पलीकडे कुणी आहे?" पुलाच्या तोंडाशी पॅनेल उघडत त्यानं वॉचमनला विचारलं.

"कुणी नाही. रंग झाल्यापासून कुलूपच आहे. ही काय किल्ली."

मिस्त्रीनं बटण दाबलं. दोन्ही भोंगे एकदम बोंबलले. पुलाच्या काचा थरथरल्या, वॉचमननं कानांत बोटं घातली. पलीकडून ताज्या रंगाचा वास येत होता. त्यात हळूच जळक्या वायरचा वास मिसळला. मग मिस्त्रीच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"छोट्या... वाजला नि लगेच थांबला रे."

मिस्त्रीनं वॉकीटॉकी ओढून तोंडाशी धरला. पलीकडे भोंगा कान फाडत होता, पण दादाच्या आवाजामागे चिडीचूप होतं.

"दादा, वाजतोय! आग खरी आहे! बाहेर ये!"

"घरून बंद केलास ना? म्हणजे खोटाच..."

"मीच केला, दादा! माझं चुकलं... ऊठ, पुलावर ये... तुझ्या पाया पडतो..."

वॉचमन बोटं काढून त्याच्याकडे बघतच राहिला.

"बरं, बरं," दादानं जांभई दिली. "मग पडतो जरा. चारला उठव."

पलीकडचा भोंगा बंद झाला. मिस्त्रीनं पॅनेलला हातही लावला नव्हता.