चंदेरी गाडीची डागडुजी

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळ्यात चांगली जागा काचेच्या कपाटाला होती. बाहेरच्या खोलीत एकाच भिंतीवर ऊन येत नसे. हरेशने तिथे कपाट लावलं. टीव्ही आतल्या खोलीत गेला आणि देव स्वयंपाकघरात, फ्रीजवर.

कपाटात जुन्या काळच्या स्पोर्ट्स कार होत्या. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, वीतभर लांबीच्या. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येत, चौकटीला जोडलेले. ते कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रंगवायचे. एका गाडीला सहा-सात महिने सहज जात. हरेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. शिफ्ट सुटली की आंघोळ, चहा आणि टेबल. डॅशबोर्डवरचे कणीएवढे मीटर तो दोन केसांच्या ब्रशने रंगवी, श्वास रोखून.

त्याच हाताने तो बायकोला मारायचा. बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं.

वैशाली पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना. लग्नाआधी ती तिथे आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. रोह्याला आल्यावर ते सुटलं. नवऱ्याच्या टेबलाला हात लावायची तिला मुभा नव्हती, आणि मार्चमधल्या एका दुपारी नेमका तोच लागला. टेबलावर ब्रश तसाच पडलेला पाहून तिने तो पाण्याने धुतला. तो इनॅमल रंगाचा होता. पाण्याने रंग सुटत नाही, ब्रशचे केस चिकटून बसतात.

हरेशने हाताला लागला तो तांब्या तिच्या कानशिलात घातला. आवाज झाला. तांब्याला पोचा आला. वैशाली जागची हलली नाही. तिने डाव्या कानाला हात लावला, बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली.

"लागला नाय," ती म्हणाली. नवऱ्याला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखी.

संध्याकाळी कपाट पुसताना हरेशला दिसलं की लाल जग्वारचं डावं दार आत गेलंय.

तो बराच वेळ भिंग लावून बघत राहिला. प्लास्टिकला पोचा येत नाही. दाब पडला तर ते पांढरं पडतं आणि तडकतं. हे दार मात्र पत्र्यासारखं दबलं होतं, आणि वरच्या रंगाला साधी चीर नव्हती. कपाटाला कुलूप होतं. चावी त्याच्या खिशात होती.

"कुणी उघडला व्हता कपाट?"

"चावी काय माझ्याजवळ हाय?" वैशाली आतून म्हणाली.

आठवड्याने त्याने दार नीट करायला घेतलं. खळग्यात पुट्टी भरली, वाळायला ठेवली आणि मग पॉलिशपेपर ओला करून घासू लागला. पुट्टी दाराच्या पातळीला आली, बोटाला उंचवटा लागेनासा झाला, आणि स्वयंपाकघरात ताट पडलं.

वैशाली ओट्याला धरून खाली बसली होती. तिचा डावा कान काळानिळा होऊन सुजला होता. आतून रक्ताची बारीक रेघ निघून मानेवर उतरली होती.

त्या दिवशी हरेशने तिला बोटही लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या धोंडुबाईंनी तिला अडवलं. आवाज मुद्दाम मोठा होता, दारामागे हरेशला ऐकू जाईल इतका. "काय गो वैशाली, गाडीनं उडवला का काय तुला?"

"व्हय," वैशाली म्हणाली. "लाल व्हती."

मे महिन्यात त्याने तिला लाथ घातली. कारण सांगण्यासारखं नव्हतं. लाथ बरगडीत बसली, ती भिंतीवर आदळली आणि लगेच उठून गाऊन सारखा करू लागली. या वेळी हरेशने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो सरळ कपाटाकडे गेला. पांढऱ्या पोर्शेची मागची बाजू चेपली होती. इंजिनवरची जाळी वाकून आत गेली होती.

कंपनीत एखादा गेज चुकीचं दाखवू लागला की तो काय करायचा? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायचा. तेच त्याने इथे केलं. टेबल अशा जागी ओढलं की स्वयंपाकघर नीट दिसावं. वैशाली भाकऱ्या थापत होती. त्याने पोर्शेच्या चेपलेल्या जागी पुट्टीचा पातळ थर दिला. वैशाली थांबली, कुशीवर हात दाबला. त्याने पुट्टी खरवडून काढली. तिचा हात खाली आला, भाकरी तव्यावर पडली. त्याने जाड थर दिला. ती कमरेत वाकली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. त्याने परत खरवडलं.

सकाळी करून पाहिलं, दुपारी करून पाहिलं. पुट्टी बदलून पाहिली. पुट्टीऐवजी नुसता रंग लावून पाहिला. उत्तर दर वेळी तेच आलं.

शेवटी वैशाली पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"ठेवा ना ती तशीच," ती म्हणाली. "एक गाडी मोडकी राहिली तर कुणाचं काय जातंय?"

"मोडकी गाडी कपाटात ठेवायची?"

त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्याने पोर्शे पुरी केली. घासली, रंगवली, जाळी नवी बसवली. तिसऱ्या दिवशी वैशालीला श्वास घेता येईना. बाथरूममध्ये घसरली, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. बरगडी मोडली होती. पट्टा बांधून ती घरी आली तेव्हा पोर्शे आपल्या जागी उभी होती, आणि मार कुठे बसला होता ते हरेशलाही शोधून सापडत नव्हतं.

एवढं झाल्यावर एखाद्याने हात आवरला असता. हरेशनेही काही आठवडे आवरला, पण तो गाड्यांसाठी. पेणला एका हॉलमध्ये मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं, मुंबई-पुण्याहून माणसं येणार होती, आणि मधलं टेबल त्याला मिळालं होतं. त्यावर चंदेरी मर्सिडीज ठेवायची ठरली होती. दोन सीटची, दारं पंखांसारखी वर उघडणारी. तिच्यावर त्याची दोन वर्षं गेली होती. सीटबेल्टचे बक्कलसुद्धा त्याने पितळी पत्र्यातून कापून केले होते.

जुलैत रोह्याची हवा ओली असते. रंगावरच्या पारदर्शक थराचा, क्लिअर कोटचा, शेवटचा हात वाळत असताना दमट हवा लागली तर रंगावर दूध सांडल्यासारखा पांढुरका पडदा येतो. प्रदर्शनाला आठवडा राहिला असताना हरेश एका निळ्या गाडीवर तो शेवटचा हात मारून चहा प्यायला उठला. थिनरच्या वासाने वैशालीला खोकला सुटला होता. बरगडी अजून दुखत होती. तिने खिडकी उघडली.

निळ्या बॉनेटवर पांढरं चढताना त्याने पाहिलं. मग टेबलाच्या कडेचा, सुटे भाग पकडून ठेवायचा लोखंडी शिकंजा सोडवून घेतला आणि तिच्या डोक्यात घातला. उजव्या बाजूला, कानाच्या वर. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला.

वैशाली खाली बसली. थोड्या वेळाने उठली आणि उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद करून आली. तिचा भांगही विस्कटला नव्हता.

कपाटात चंदेरी गाडीचं छत सीटला टेकलं होतं. दोन्ही दारं बाहेर फेकल्यासारखी लोंबत होती.

हरेशने गाडी टेबलावर आणली. वैशाली मागे येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याची एखादी गाडी जवळून बघत होती.

"हा घाव मला बसला असता," ती म्हणाली.

त्याने लोंबणारं दार बोटाने वर धरून पाहिलं.

"ही नीट करू नका."

"रविवारी प्रदर्शन हाय."

"दुसरी न्या कंची तरी."

"हिचे फोटो बघितलेत लोकांनी."

"आमच्या कारखान्यात मूर्तीला तडा गेला तर सांधीत नाय. भिजवतात, माती करतात, नवीन घडवतात."

"तुमच्याकडं माती हाय. ही जपानवरनं आली."

"अहो, मी मरंन."

हरेशने भिंग डोळ्याला लावलं. "मरत नाय कोण," तो म्हणाला.

रात्रभर त्याने विचार केला, आणि विचार शांत होता. डोकं फुटलेली बाई घरात सापडली तर प्रश्न विचारतात. तीच माहेरी, चार माणसांसमोर, काम करता करता कोसळली तर लोक दैवाला बोल लावतात. दर वर्षी या दिवसांत तिला आखणीसाठी पेणहून बोलावणं यायचं आणि दर वर्षी तो नाही म्हणायचा. सकाळी त्याने तिला सांगितलं, या वर्षी जा.

ती लगेच पिशवी भरायला लागली.

कुंडलिकेचा पूल ओलांडून त्याने तिला बाइकवरून रोहा स्टेशनला सोडलं. गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसल्यावर ती म्हणाली, "कासू स्टेशन गेलं की फोन करते. मंग बसा कामाला."

ती गेल्यावरच कामाला बसायचं, हे हरेशने तिला सांगितलं नव्हतं.

कासू गेल्यावर तिचा फोन आला. तो कामाला बसला.

आधी हेअर ड्रायरने छत मऊ केलं आणि आतून लाकडी दांडीने हळूहळू वर उचललं. दारं सरळ केली. संध्याकाळी पेणला फोन लावला. तो वैशालीच्या धाकट्या भावाने, रितेशने उचलला.

"दाजी, ताईचा हात तसाच हाय बघा. एका दमात दोन डोळे! आता चार दिवस मागू नका तिला."

"बरी हाय ना?"

"बरी? जिलबी हाणली आत्ता. का वो?"

"काय नाय. सहज."

दुसऱ्या दिवशी पुट्टी. पोर्शेच्या वेळी पहिल्या थरालाच वैशाली वाकली होती. इथे थरावर थर चढले, वाळले, घासून झाले. पेणहून रोज तेच उत्तर. बरी हाय. जेवते. हसते.

हरेशच्या उजव्या कानात मधूनमधून शिट्टी वाजायची. खिडकी बंद ठेवून काम चाललं होतं. थिनर डोक्यात जात असणार.

शुक्रवारी चंदेरी रंगाचे हात झाले. तोवर त्याची खात्री पटली होती की पेण लांब पडलं. मार वाटेतच कुठेतरी जिरला, नागोठण्याच्या खाडीत म्हणा. बायको वाचली, गाडीही वाचली. त्याला बरं वाटलं. तिला येताना साडी घ्यावी असंही मनात आलं.

शनिवारी दुपारी त्याने क्लिअर कोटचा शेवटचा हात मारला. एअरब्रश बाजूला ठेवला. छतावर ट्यूबलाइटची सरळ रेघ पडली, कुठेही न वाकता. कुठे मोडलं होतं ते आता जगात कुणालाही सांगता आलं नसतं.

फोन वाजला. वैशाली होती.

"झाली?"

"झाली."

"छत?"

"आरशासारखा."

पलीकडे कारखान्याचा आवाज होता. कुणीतरी पाट सरकवत होतं.

"कान कसा हाय?" तिने विचारलं.

हरेशने तिला कानाचं काही सांगितलं नव्हतं. रितेशलाही नाही.

त्याने फोन उजव्या कानाला धरला होता. आता तिथून काहीच ऐकू येईना. त्याने तो डाव्या कानाला लावला.

"आधी कान जातो," ती म्हणत होती. "मंग उजेड सहन व्हत नाय. पडदा ओढून घ्या."

ट्यूबलाइटची ती रेघ डोळ्यात घुसत होती.

पुट्टीची जाडी बदलून त्याने पाहिलं होतं. वेळ बदलून पाहिली होती, रंग बदलून पाहिला होता. ती घरात नसताना मात्र एकदाही करून पाहिलं नव्हतं.

तो दाराकडे निघाला. शेजारणीला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण तिचं नाव आठवेना. मग दार कुठल्या बाजूला उघडतं तेही आठवेना.

तो टेबलाशी परत आला.

गाडीच्या छतावर त्याच्या उजव्या कानातून एक थेंब पडला. पातळ, गुलाबी. क्लिअर कोट अजून ओला होता. थेंब त्यात पसरत गेला. हरेशने कापसाचा बोळा शोधला. दुसरा थेंब पडला.

"उभे हाव का?" फोनमधून वैशालीने विचारलं. "बसा खाली. उभ्यानं पडाल."

तो खाली बसला.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "मी ऐकते हाय."