लेखकानेच वाचलेले पुस्तक

"पुस्तक आधी तुम्ही वाचायचं, सर," असे म्हणत नसीमा तांबोळीने काचेची पातळ पाटी प्राध्यापक भालचंद्र उपासनींच्या पुढ्यात ठेवली.

नाशिकच्या 'दूरपाठ'वर राज्यभरातले विद्यार्थी घरबसल्या अभ्यासक्रम पुरे करत. यंदापासून प्रत्येक अभ्यासक्रमाला एक पाठ्यपुस्तक जोडायचे होते आणि पदार्थविज्ञानासाठी उपासनींचे उष्णतेवरचे पुस्तक निवडले गेले होते. छापील आवृत्ती कधीच संपली होती आणि प्रकाशकाने हात झटकले होते. आपले पुस्तक पुन्हा मुलांच्या हाती पडणार, या आनंदात सर 'दूरपाठ'च्या प्रयोगशाळेत कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"मी कशाला वाचू? मीच तर लिहिलंय."

"म्हणूनच. हे समंजस पुस्तक आहे. काचेतला नेत्रमापक वाचणाऱ्याची नजर बघतो. नजर अडली किंवा मागे फिरली, की तो अडखळबिंदू. लेखकच जिथे अडतो, तिथे विद्यार्थ्याचा निभाव लागणार नाही, असं धरून पुस्तक तो मजकूर सोपा करतं आणि एक प्रश्न विचारतं. उत्तर बरोबर आलं की मजकूर पक्का. नजर सरळ गेली तर आहे तोच पक्का. शेवटी तुम्ही मोहर उठवलीत की त्यात पुन्हा बदल नाही. उद्या प्रवेश सुरू होतायत, तेव्हा आजच उरकायला हवं."

"म्हणजे मास्तरच की हे."

"हो, फक्त खडू फेकून मारत नाही."

सरांचा नेम चांगला होता, हे नसीमाला अनुभवाने ठाऊक होते. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

सर वाचू लागले. दुसऱ्या प्रकरणात त्यांचे लाडके वाक्य आले: 'माठ हा घरातला सर्वांत कष्टाळू सदस्य, घाम तो गाळतो आणि गारवा आपल्याला मिळतो.' वर्गात हे वाक्य टाकले की सर थांबत आणि पोरे हसत. उभ्या आयुष्याची सवय. सर आत्ताही थांबले. डोळ्यांदेखत वाक्य बदलले: 'बाष्पीभवनामुळे माठातील पाणी थंड होते.' खाली प्रश्न उमटला: 'माठातील पाणी कशामुळे थंड होते?'

सरांनी त्या ओळीकडे रागाने रोखून पाहिले. पुस्तकाला त्यांची दया आली असावी. त्याने आणखी सोपे केले: 'माठात पाणी गार होते.'

"नसीमा, हे काय चाललंय? मी अडलो नव्हतो. वाक्य चांगलं आहे म्हणून थांबलो."

"त्याला तेवढं कळत नाही, सर. थांबणं म्हणजे अडणं. मूळ वाक्य परत आणता येतं, पण मग त्यावरून सरळ पुढे जायचं. कौतुक न करता."

हे सरांना फार जड गेले. पहिल्या खेपेला ओठांच्या कोपऱ्यात हसू आले आणि नजर रेंगाळली. पुढच्या खेपेला वाक्य येण्याआधीच ते थबकले. अखेर शेजारच्या घरातले भांडण ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून ते पार झाले आणि माठ वाचला. मग असे सगळेच विनोद त्यांनी कोरड्या चेहऱ्याने वाचवले. नसीमाला हसू आवरेना.

आठवे, शेवटचे प्रकरण मात्र झरझर सरले. एकही बिंदू नाही. सर मोहर उठवायला अंगठा पुढे करणार, तोच नसीमाने पाटीवर हात ठेवला.

"सर, हे एन्ट्रॉपीचं प्रकरण तुम्ही खरंच वाचलंत?"

"मला ते पाठ आहे."

"चाचणीसाठी काल मी वाचलं. पहिली सात प्रकरणं सरळ गेली. आठव्यात जागोजागी अडले. पण माझ्या अडण्यावरून मजकूर बदलत नाही. शब्द लेखकाचे, तेव्हा अडायला हवं लेखकानेच. पाठ असलेल्यावरून नजर सरकणारच. पण कळलंय का?"

कॉलेजात तिने हा प्रश्न विचारला असता तर खडू ठरलेला होता. सरांनी अंगठा मागे घेतला. हे प्रकरण लिहितानाही त्यांनी इतरांची पुस्तके समोर ठेवून व्याख्या जुळवल्या होत्या. दरवर्षी हे प्रकरण शेवटच्या तासाला ठेवायचे, 'परीक्षेला एवढीच व्याख्या लिहा' म्हणायचे आणि घंटा झाली की सुटलो म्हणायचे. त्यांना मनातून लाज वाटली.

"थोडं खोटंच अडलो तर?"

"अडा की. पण प्रश्न खरा येईल."

सरांनी चष्मा पुसला आणि आठवे प्रकरण आयुष्यात प्रथमच शब्द न् शब्द वाचायला घेतले. दुसऱ्याच परिच्छेदात अडले. मजकूर बदलला, प्रश्न आला. सरांनी व्याख्या म्हटली. 'हे वर लिहिलेलेच आहे,' पुस्तक म्हणाले, 'तुमच्या शब्दांत सांगा.' नसीमा सौजन्याने खिडकीबाहेर बघत राहिली.

पुस्तक चिकाटीचे होते. सर अडत, ते सोपे करी. सर चुकत, ते नवे उदाहरण काढी. शेवटी ते चिवड्याच्या डब्यावर आले. एका कोपऱ्यात सगळे शेंगदाणे ठेवले आणि डबा हलवला, तर ते पुन्हा त्याच कोपऱ्यात का जमत नाहीत?

सर पुटपुटू लागले. "जमायला बंदी कुणाचीच नाही. पण कोपऱ्यात जमण्याच्या मांडण्या मोजक्या, आणि विखुरण्याच्या अगणित. हलवताना कुठली तरी मांडणी व्हायचीच, मग ती बहुतेक विखुरलेलीच असणार. एन्ट्रॉपी म्हणजे या मांडण्यांचं माप." ते खुर्चीत ताठ बसले. "अगं नसीमा, हे एवढं सरळ आहे होय? आणि मी उगाच भीत बसलो."

अडुसष्टाव्या वर्षी माणसाला असा आनंद होतो, हे नसीमाने प्रथमच पाहिले. तिलाही फार बरे वाटले.

मोहर उठवण्याआधी तिने सहज म्हणून आपली कालची चाचणी सरांच्या वाचनावर ठेवून पाहिली. तिचे अडखळबिंदू लाल, सरांचे निळे. आठव्या प्रकरणात लाल बिंदू वेगळा असा कुठे दिसेचना. प्रत्येकावर निळा बसला होता, त्याच ओळीवर, त्याच शब्दावर.

"सर, मी जिथे जिथे अडले, तिथेच तुम्ही अडलात."

सरांनी एकेका निळ्या बिंदूवर बोट ठेवून पाहिले.

"म्हणजे मला जे कळलं नव्हतं, तेही मी तुला इतकं नीट शिकवलं."

"एक बिंदूही सुटला नाही, सर."

सर उठले. आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"मोहर थांबेल जरा," ते म्हणाले. "तू बस. मांडणी म्हणजे काय, तिथून सुरू करू."