मागचा उंच टायर

“ही पिन कुठे सापडली?” मावशींनी विचारलं.

“पोर्च झाडताना.” ती म्हणाली. आतल्या खोलीत नवरा पायाला प्लॅस्टर घालून पडला होता आणि तिची नजर सारखी त्या दाराकडे जात होती.

वळणावर त्याच्या मोटरसायकलचं मागचं चाक निसटलं होतं. चाकाचा नट अडवून धरणारी पिन आपोआप निघत नाही, एवढं तिलाही कळत होतं. म्हणजे कुणीतरी तिच्याच दारात नट सैल करून गेलं होतं. तोच माणूस आता विचारपूस करायला येत असणार, अशी तिला भीती होती.

मावशी अपघातांचा खासगी तपास करत. जोडीला तात्या. ते निष्कर्षाला सगळ्यांच्या आधी पोचत, आणि बहुधा चुकीच्या.

“गाडीला कुणी कुणी हात लावला?”

“मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी नवा टायर बसवून आणून दिली. यांचे एक मित्र तेव्हा इथेच होते. सकाळी धाकटे दीर परगावाहून परतले, तेही चाकापाशी बसले होते.”

“भांडण कुणाशी?”

“मिस्त्रींशी टायरवरून वाजलं होतं. भाऊजींशी घर विकण्यावरून कुरबुर आहे. पण ते घरचेच.”

मावशींनी तिघांनाही बोलावून घेतलं. मित्र आधी आला; मिस्त्री आला तोच तडतडत. “माझ्यावर कशाला घसरता? मी नको नको म्हणत होतो. लांब पल्ल्याच्या गाडीला कंपनीच्या मापाचाच टायर बरा. मालकांना जास्त उंच हवा! आता डबल स्टँडला लावली तरी चाक अधांतरी राहत नाही, जमिनीला टेकतं; फिरवायचं तर स्टँडखाली फळी घालावी लागते. या मित्राला मी तोंडावर सांगितलं होतं.”

मित्राने मान्य केलं. “टायर मीच सुचवला. उंच टायरने गाडी वळणावर हलकी झुकते. पण नट मी कशाला सैल करू? पुढच्या चौकातून मीच मागे बसणार होतो!”

तात्या मावशींच्या कानाशी लागले. “टायर याचा, अपघात वळणावर. हाच तो!”

“दमानं घ्या, तात्या.”

दीर शांतपणे येऊन बसला. “वहिनी, किती घाबरताय! मी चेनला तेल देत होतो. दादा लांब निघाला की नेहमी देतो. गाडी डबल स्टँडला लावली, चाक हाताने फिरवत सगळ्या चेनला तेल दिलं. नट तेव्हा घट्ट होता.”

“खाली फळी-बिळी घातलीत?”

“छे! फळी कशाला?”

मावशी उठल्या. सगळ्यांना घेऊन पोर्चमध्ये आल्या. चाक पुन्हा बसवून गाडी तिथेच ठेवली होती.

“तात्या, डबल स्टँडला लावा.”

तात्यांनी घामाघूम होत लावली.

“आता चाक फिरवा.”

तात्यांनी जोर केला. चाक ढिम्म हललं नाही. “गिअर काढलाय, तरी हलत नाही हो!” ते कुरकुरले.

“जोर वाया घालवू नका, चाक टेकलंय.” मावशी दिराकडे वळल्या. “त्या सकाळीही ते असंच टेकलेलं असणार. मिस्त्रीला हे ठाऊक, मित्राला त्याने ऐकवलेलं. माहीत नव्हतं ते फक्त तुम्हाला. टायर नवा दिसला असेल, पण बोटाच्या पेराहून कमी उंची वाढलेली नजरेला कळत नाही. तुम्ही जुन्या सवयीने थाप मारलीत. तेल तुम्ही दिलंच नाही. आणि पिन काढून नट सैल करायला चाक फिरवावं लागत नाही. मग चाकापाशी काय करत होता?”

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. “दादा घराच्या कागदावर सही करत नव्हता,” तो पुटपुटला. “एवढं होईल असं वाटलं नव्हतं.”

मिस्त्रीच्या आणि मित्राच्या धास्तीने, बाहेर जाताना ती रोज यालाच नवऱ्याच्या उशाशी बसवून जात होती.

आतून नवऱ्याची हाक आली. “छोट्या, जरा पाणी देतोस का रे?”

दीर सवयीने दाराकडे वळला. ती दारात आडवी उभी राहिली.

“थांबा तिथेच, भाऊजी,” ती म्हणाली. “पाणी मी देते.”