अकरा बाद मतं

एक ट्रंक तळमजल्यावर न्यायची, लाखेचं सील मारायचं आणि किल्ली वर आणून द्यायची. एवढंच काम होतं. साहेबांनी सांगितलं, चंद्रप्रकाश शीळ घालत उठला.

दशरथ, तो कंदील जरा बारीक कर. चारकोपची लाइट एकदा गेली की गेली. सुगंधा, तू इकडे भिंतीशी सर, तिथे डास फोडून काढतील. परवा तुम्ही दोघं पहिल्यांदा मतमोजणीला बसणार. मघापासून ऐकतोय मी, दशरथ म्हणतो आपलं टेबल पहिलं सुटलं पाहिजे. म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही.

पंच्याऐंशी साल. म्युनिसिपालटीची निवडणूक. एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, त्याची रात्र. बोरिवलीत एका शाळेच्या माडीवर मोजणी होती. शाळेचं नाव घेत नाही, तिथे अजून पोरं शिकतात.

चंद्रप्रकाश आमच्याच कचेरीतला. शेजारचं टेबल. सफारी घालायचा, केसांना तेल चोपडायचा आणि कागद मोजण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही म्हणून सांगत फिरायचा. ते खरं होतं. पन्नासाची गड्डी हातात घेतली की फर्रर्र... संपली. पण त्याचा अंगठा चालायचा, डोळे नाही. डोळे समोर आपल्याला कोण बघतंय त्याच्यावर. असल्या माणसाला आमच्यात हुशार म्हणतात.

त्याहून वर आमचे साहेब. त्यांना एकच ध्यास, आपल्या वॉर्डचा निकाल सगळ्यात आधी लागला पाहिजे. का, तर वरच्या साहेबांनी पाठ थोपटावी. चार लाख वेळा घड्याळ बघितलं असेल त्या माणसाने. दर वेळी टाळी वाजवायचे. "चला, चला, उरका." लोकांनी उन्हात उभं राहून मतं दिलेली, आणि हे म्हणतात उरका. जेवणाच्या पंगतीतसुद्धा कोणी असं म्हणत नाही.

उभे होते पाच-सहा जण, पण खरी लढत दोघांची. एक होता शेठ. नाव गेलं खड्ड्यात. त्याने विजयाचे हार संध्याकाळीच आणून बर्फाच्या पेटीत ठेवले होते, सुकू नयेत म्हणून. मोजणी सुरू व्हायच्या आधी. दुसरा गोराईचा मार्कस. मच्छीमार. अपक्ष, निशाणी होडी.

मार्कसचं वचन एकच. गोराईचा धक्का खोल पाण्यापर्यंत न्यायचा आणि रात्री आजाऱ्यासाठी एक लाँच ठेवायची. बाकी काही बोलायचाच नाही. लोक हसायचे, ह्याला गटार माहीत नाही, नळ माहीत नाही, नुसती लाँच. पण कारण होतं. आदल्या वर्षी त्याची बायको ज्युलिया रात्री पोटात दुखून आडवी झाली. खांद्यावर घालून धक्क्यावर आणली. ओहोटी होती. होड्या सगळ्या चिखलात बसलेल्या. समोर खाडीपलीकडे बोरिवलीचे दिवे दिसतात ना, त्या दिव्यांतच दवाखाना. ती रात्रभर त्या दिव्यांकडे बघत राहिली. भरती आली तेव्हा ती गेलेली होती.

"मग काका, तो निवडून आला काय?" दशरथने विचारलं.

सांगतो ना. घाई कसली आहे तुला?

मतपत्रिकेवर शिक्का असतो, बाणांची फुली. तिचे बाण एका अंगाने वळलेले असतात. का माहीत आहे? माणूस कागद घाईत दुमडतो, शाई ओली असते, ती समोरच्या निशाणीवर पण उमटते. मग दोन शिक्के दिसतात. पण उमटलेला उलटा असतो, आरशात दिसतो तसा. सुलटा असतो तो खरा. ते मत चांगलं, धरायचं. नियमच आहे. फक्त कागद उचलून बघावा लागतो. एक श्वास लागतो त्याला, जास्त नाही.

चंद्रप्रकाशच्या टेबलावर तसले कागद आले. त्याने उचलले आणि 'बाद'च्या खोक्यात टाकले. टेबलांपुढे आडवे बांबू बांधलेले, त्यांच्या पलीकडे मार्कस स्वतः उभा होता. मोजणीवर नजर ठेवायला दुसरा माणूस लावायचा तर त्याच्याकडे पैसे कुठे होते. तो म्हणाला, "साहेब, तो शिक्का दुमडून उमटलाय. माझ्या होडीवर सुलटा आहे. एकदा बघा ना."

चंद्रप्रकाशने मान पण वर केली नाही. "बघायला वेळ कोणाला आहे, बाबा?"

आजूबाजूचे हसले. शेठची माणसं जास्त हसली.

असे अकरा कागद झाले. मार्कस प्रत्येक कागदाला तेच म्हणाला, "एकदा बघा." शेवटी शेवटी आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा. साहेब आले, सगळ्या 'बाद'वर सह्या ठोकल्या. न बघता. एका हाताने सही, दुसऱ्या हातात चहा.

निकाल लागला. मार्कस आठ मतांनी पडला.

त्याने फेरमोजणी मागितली. हात जोडून. साहेब म्हणाले, "अहो, आपला वॉर्ड मुंबईत पहिला लागलाय, आता परत कुठे?" आणि चंद्रप्रकाश... हा मेला मध्ये बोलला, "मी मोजलंय साहेब. माझ्या मोजणीत चूक निघाली तर मिशी काढून देईन." मार्कसने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. माणूस बंद दुकानाकडे बघतो तसं. आणि गेला निघून.

बर्फाच्या पेटीतले हार निघाले. फटाके वाजले. आम्ही घरी निघालो. आणि साहेबांनी चंद्रप्रकाशला ती ट्रंक दिली. मोजलेली सगळी मतं तिच्यात, बाद मतांचं पाकीट पण तिच्यातच. पुढचं मला त्यानेच सांगितलं, नंतर, कँटीनमध्ये बसून.

हमालांनी ट्रंक खाली वर्गात नेऊन ठेवली आणि बिड्या ओढायला गेटवर गेले. वर्ग तो लहान पोरांचा, बुटकी बाकं. फळ्यावर पाढे लिहिलेले. ह्याने ट्रंकेला कुलूप घातलं. मेणबत्ती लावली. लाख वितळवून कुलपावर टाकली, वर पितळी शिक्का दाबला. झालं काम. किल्ली खिशात टाकली.

आणि आवाज आला.

कागदाचा. कागद कागदावरून सरकतो, तेवढाच. त्याला वाटलं, पंखा असेल. वर बघितलं. पंखा बंद होता.

परत आला. सावकाश. एक कागद. मग थांबून दुसरा.

"उंदीर असेल काका," दशरथ म्हणाला.

त्याला पण तसंच वाटलं रे. त्याने ट्रंकेला लाथ मारली. आवाज थांबला. त्याला बरं वाटलं. तो दाराकडे वळला, तेव्हा बाई बोलली.

"एक."

उंदीर मोजतात काय रे, दशरथ?

बाईचा आवाज. मोठा नाही. घरात कोणी झोपलं असलं की आपण बोलतो तसा. "एक." मग बोट ओलं करायचा आवाज, जिभेला लावून. मग कागद सरकला. "दोन." मग बोट. मग कागद...

आवाज ट्रंकेतून येत होता.

चंद्रप्रकाश मला म्हणाला, गुणाजी, मी पळायला पाहिजे होतं. पण मला ते मोजणं ऐकावंच लागत होतं. आणि ती इतकं सावकाश मोजत होती. प्रत्येक कागद... उचलून... बघून...

"नऊ."

"दहा."

"अकरा."

मग काही नाही. मेणबत्तीची वात तडतडली. बाहेर गेटवर हमाल हसले कशाला तरी. ते हसणं लांबून आलं, फार लांबून.

"परत," ती म्हणाली.

आणि एकपासून सुरू.

त्याने घसा खाकरला. हिंमत करून विचारलं, "कोण आहे?"

कागद थांबला.

बोट थांबलं.

वर्गात काही हललं नाही. पण त्याला कळत होतं. ट्रंकेच्या आत कोणीतरी मान वर केली होती. आता ते त्याच्याकडे बघत होतं. लोखंडातून.

"बघितलंस?"

बस. एवढंच विचारलं.

त्याने खिशातली किल्ली मुठीत धरली.

"बघितलंस?"

...

तो काय बोलणार होता, सुगंधा? आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी खरा प्रश्न विचारला होता. खोटं बोलायला तोंड उघडलं, म्हणाला, पण खोटं बाहेर येईना. मग त्याने मान हलवली. नाही म्हणून. अंधारात, एका ट्रंकेसमोर उभं राहून ह्या सफारीवाल्याने मान हलवली.

मेणबत्ती विझली.

तो बाहेर कसा आला ते त्याला आठवत नाही. साहेबांनी विचारलं, "सील झालं?" हा म्हणाला, "झालं." किल्ली दिली. दुसरं एक अक्षर बोलला नाही. तेव्हा बोलला असता तर अजून वेळ होता. ट्रंक उघडता आली असती, मार्कसला बोलावता आलं असतं. पण नाही. भुताने विचारलं तरी ह्यांची लाज जागी होत नाही, नुसती भीती जागी होते.

"मग त्याला काय झालं?" सुगंधाने विचारलं.

मेला नाही. तसं काही झालं नाही. सोमवारी कामावर आला, पावत्यांची गड्डी उचलली आणि अकराव्या कागदावर थांबला. परत पहिल्यापासून. परत अकरावर थांबला. आम्हाला वाटलं, मस्करी करतोय. मग रोजचंच झालं. त्याची बायको प्रेमा आमच्याकडे आली होती रडत. भाजीवाल्याने सुटे दिले तर हा रस्त्यात उभा राहून मोजतो, म्हणाली, अकरापर्यंत जातो आणि परत सुरू करतो. लोक बघतात हो भावजी. शेवटी साहेबांनी त्याला आवक-जावकला बसवला, टपालावर तारखेचे शिक्के मारायला. अजून तिथेच आहे. प्रत्येक पाकीट उचलून, उलटून, उजेडात धरून बघतो. लोकांची रांग दारापर्यंत जाते. आता कोणी उरका म्हटलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मला त्याची कीव करावीशी वाटते कधी कधी. मग मार्कसचा तो आवाज आठवतो, एकदा बघा ना, आणि नाही करावीशी वाटत.

साहेबांना बढती मिळाली. मिळणारच. शेठ त्या पाच वर्षांत गोराईला एकदा गेला, नारळ फोडायला. धक्का होता तेवढाच आहे. मार्कस कोर्टात गेला नाही, वकिलाला द्यायला काही नव्हतं. तो आता आपली होडी ओहोटी लागली की चिखलाच्या पलीकडे, पाण्यात नांगरून ठेवतो. रात्री कोणी दार ठोठावलं तर आजाऱ्याला पाठीवर घेऊन गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत जातो. गोराईत विचारा, कोणीपण सांगेल.

"काका," दशरथ हळूच म्हणाला, "हे सगळं चंद्रप्रकाशने सांगितलेलं ना? तुम्ही स्वतः काही बघितलं नाही."

बघितलं.

मुदत संपली की ती मतं जाळून टाकतात. त्या दिवशी ट्रंक उघडायला मी होतो, अजून दोघं होते, वर एक नवे साहेब. लाखेचं सील आम्ही तपासलं. अखंड. कुलपाला ओरखडा नाही. किल्ली कचेरीच्या तिजोरीतून आणलेली. कुलूप मी काढलं, झाकण मी उचललं.

आत सगळ्या गड्ड्यांचे रबर उन्हाळ्यात सडून तुटले होते. शेठची मतं इतरांच्या मतांत मिसळून नुसता पाचोळा झाला होता. बाद मतांचं पाकीट होतं तिथेच तळाशी होतं. चिकटवलेलं, सहीसकट. मी फाडलं. आत काही नव्हतं.

त्या पाचोळ्यावर, अगदी वर, मधोमध, एक छोटी गड्डी होती. नीट एकावर एक लावलेली. मोजली नाही मी. गरज नव्हती. सगळ्यात वरच्या कागदावर दोन शिक्के होते, एक उलटा, एक सुलटा. सुलटा होडीवर.

गड्डी बांधलेली होती. रबराने नाही, सुतळीने नाही. जाळं विणतात ना, तो बारीक दोरा. गाठ जाळ्याचीच. नवे साहेब म्हणाले, तोडा आणि टाका आगीत, वेळ कशाला घालवताय. मी सोडवायला बोट लावलं.

दोरा ओला होता.